मार्थामावशीची शिदोरी

वेल्ह्याच्या बाजारात मार्थामावशीला कोणी विचारलं, "काय मावशी, कुठं निघाला?" की ती थांबायची नाही. चालता चालताच ठणकावून सांगायची, "स्वर्गात! वाटेत दळन टाकायचंय." कधी दळण असायचं, कधी कोणाच्या गोळ्या आणायच्या असायच्या, कधी कोणाला पेज पोहोचवायची असायची. मुक्कामाचं ठिकाण मात्र रोज तेच. आणि चालणं म्हणजे काय सांगू! मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी तिच्या बरोबरीने चढ चढायचा म्हणजे माझा जीव मेटाकुटीला यायचा. धापा टाकत मी एकदा म्हणालो, "मावशी, स्वर्ग काय पळून चाललाय का?" ती मागे न बघता म्हणाली, "स्वर्ग कशाला पळतोय? दिस पळत्यात रं!"

आता मी कोण, ते सांगतो. माझं नाव अंतोन. भोरला स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, आतली करपलेली तार काढायची आणि नवी भरून द्यायची, हा माझा धंदा. गिऱ्हाइकाशी भांडणारा माणूस म्हणून गावात माझी चांगली ख्याती आहे. जन्माने कॅथलिक, पण आमचं धर्माचं सगळं नाताळला दारात चांदणी लावण्यापुरतंच होतं. चाळिशी उलटल्यावर मला एक चमत्कारिक सवय लागली होती. संध्याकाळी शटर ओढलं की पायरीवर बसून राहायचो. उद्या पुन्हा मोटार, परवा पुन्हा मोटार, आणि एक दिवस आपणच जळायचो. मग हे सगळं कशासाठी? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला पित्त झालंय."

माझे वडील शिमोन मिस्त्री गुंजवण्यात एकटे राहायचे. सुतार माणूस. त्या खोऱ्यातल्या निम्म्या घरांची दारं आणि चौकटी त्यांच्या हातच्या. आई गेल्यावर मी त्यांना भोरला चला म्हणून कितीदा विनवलं, पण राजगडाच्या पायथ्यापासून ते हलायला तयार नव्हते. मग छातीचं दुखणं निघालं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, थोडे दिवस आहेत.

त्याच आठवड्यात रविवारी मी गुंजवण्याला पोहोचलो, तर घरातून बाबांचा ओरडा ऐकू येत होता. आत जाऊन बघतो तर चुलीपुढे एक काळीसावळी, काटकुळी बाई भाताची पेज ढवळत बसलेली.

"कोण हो तुम्ही?" मी आवाज चढवला.

"म्या मार्था. वेल्ह्यात शिस्टरांच्या होस्टेलात सैपाक करते. मिस्त्री आजारी हायेत म्हनून कळलं, बसायला आले."

"घालव तिला!" बाबा खाटेवरून ओरडले. "चर्चवाली हाय ती!"

"घालवा की," मार्था म्हणाली. "पेज झाली हाय, तेवढी खावा आनि मग घालवा."

बाबांनी पेज खाल्ली. आणखी मागून खाल्ली. घालवायचं मात्र राहून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा हजर! सुरुवातीला मी तिला अहोजाहो करायचो, पण महिनाभरात तीच वैतागली. म्हणाली, "मावशी म्हनतोस आनि पावन्यावानी बोलतोस व्हय?" तेव्हापासून अगंतुगं सुरू झालं.

सकाळी होस्टेलच्या मुलींचा स्वयंपाक आणि दुपारी आजाऱ्यांच्या उशाशी बसणं, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. ज्यांच्याबद्दल डॉक्टरांनी हात टेकलेत, अशांकडेच ती मुख्यतः जायची. शेतकऱ्यांच्या घरी, बौद्ध वस्तीत, धनगरवाड्यावर, कुठेही. परक्या घरी धर्माचा एक शब्द काढायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ज्याच्या त्याच्या देवाचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडात ऱ्हाऊ दे. म्या माझं पोटात म्हनते." पाय चेपायची, पाणी पाजायची, मनात जपमाळ चालू असायची. आणि हसायची! मरणाच्या खोलीत बसून एवढं हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

स्वतःला पुरताना नेसवायचं पांढरं लुगडं तिने इस्त्री करून ट्रंकेत ठेवलं होतं. एकदा होस्टेलच्या पोरींनी ते शाळेच्या नाटकासाठी गुपचूप काढलं आणि त्यातली एक परी होऊन स्टेजवर नाचली. सिस्टर संतापल्या, पोरी रडकुंडीला आल्या. मावशी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. "असू द्या वो शिस्टर! मरनाच्या लुगड्यात कुनी नाचलंय का आजपातूर?"

तिची स्वतःची गोष्ट तिने मला साखर गावच्या चढावर सांगितली. लग्नाला चार वर्षं झाली आणि नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. मूलबाळ नाही. वर्षभर ती भिंतीकडे तोंड करून बसून होती. जेवण दिलं तर जेवायची, नाही दिलं तर नाही. मग एक म्हाताऱ्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, शेजारच्या वस्तीत एक बाई मरायला टेकलीय, तिच्याजवळ बसायला कोणी नाही, चल. मावशी गेली. फादर आले, त्यांनी त्या बाईला पवित्र तेल लावलं, शेवटचं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर मानतात ती भाकर, दिलं आणि म्हणाले, ही प्रवासाची शिदोरी.

"अंतोन, माझ्या अंगावर काटा आला बघ! म्या म्हनलं, शिदोरी? म्हंजी ही बाई संपत न्हाई, ही निघालीय! मंग माझा दाल्ला बी संपला न्हाई. त्यो बी निघालाय, म्होरं गेलाय. आनि म्या येडी भितीकडं बघत बसलीया! मानसं वर चालल्यात, त्यांना वाटंला लावायला कुनी नगं का? म्या सैपाकीन हाय, शिदोरी बांधायचं काम मला जमंल. त्या दिसापास्नं म्या कामाला लागले." हे सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की जणू काल घडलंय. मला तिचा हेवा वाटला, अगदी मनापासून.

बाबांपुढे मात्र तिची शिदोरी अडली. फादरांचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे वळायचे. मला कारण आईकडून माहीत होतं, पण बाबांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. एका दुपारी मावशी त्यांना पाणी पाजत होती आणि ते आपणहून बोलायला लागले.

आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यात. माझ्या आधी आईबाबांना एक मुलगा झाला होता. आमच्यात बाप्तिस्म्याला बाळाला धर्मपिता लागतो, बाळाला हातात धरणारा. बाबांनी हट्ट धरला की माझा थोरला भाऊच पाहिजे. भाऊ मिलिटरीत. त्याची रजा मंजूर होईपर्यंत बाप्तिस्मा थांबवला. नवव्या दिवशी बाळाला ताप भरला आणि ते गेलं. दहाव्या दिवशी भाऊ गाडीतून उतरला, हातात बाळाचा पांढरा झगा घेऊन. त्या वेळचे म्हातारे फादर जुन्या वळणाचे, कडक. म्हणाले, बाप्तिस्मा नाही तर कबरस्तानाच्या आत जागा नाही. बाबांनी स्वतः पेटी केली, निवडुंगाच्या कुंपणाबाहेर हिवराच्या झाडाखाली स्वतः खड्डा खणला आणि बाळाला ठेवलं. त्यानंतर त्यांनी गाव सोडलं. चर्चची घंटा ऐकू येणार नाही असं गाव हुडकत हुडकत इथे आले. मला आईने बाप्तिस्मा दिला तोही माहेरी नेऊन, त्यांच्या चोरून.

"स्वर्ग हाय का न्हाई मला ठावं न्हाई," बाबा म्हणाले. "पर असला तरी माझं पोर भाईर हाय. आनि ते माझ्या हट्टापायी भाईर हाय. जितं ते न्हाई तितं मला न्हाई जायचं. तुमची शिदोरी तुमाला लखलाभ."

मावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि त्यांचं पांघरूण नीट केलं.

मी तिला अंगणात नेलं. मला भडभडून आलं होतं. म्हटलं, "मावशी, तूही मूळची नगरकडचीच. सांग ना त्यांना, की सुईणीने बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं होतं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले होते. अडीअडचणीला कोणीही देऊ शकतं म्हणतात ना? तू म्हण की तुला तिने सांगितलं. दोन शब्द बोल गं! माणूस सुखाने मरेल."

"खोटं?" ती म्हणाली.

"हो, खोटं! काय बिघडलं?"

"देवाच्या दारात जाताना मानसाच्या हातात खोटी शिदोरी दिऊ? इटलेलं अन्न बांधून दिऊ? न्हाई बाबा. फादर लोक आता सांगत्यात, असली बाळं देवाच्या दयेवर सोपवायची. येशूनं लेकरं आडवनाऱ्या चेल्यांनाच दटावलं हुतं. पर मिस्त्रींना म्या हे चारदा सांगितलं तरी पटनार न्हाई. त्यांना बोलनं नगंय. सुतार हाय त्यो, बघितल्याबिगर आन मापल्याबिगर इश्वास न्हाई ठेवायचा." तिने पदर खोचला. "म्या जाऊन बघून येते."

"कुठे?"

"तुमच्या गावाला. त्या हिवराखाली."

आणि गेली की हो! दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने, पिशवीत दोन भाकरी घेऊन, अडुसष्ट वर्षांची बाई! माझं डोकं फिरलं. इथे बाप घटकेचा सोबती आणि ही निघाली झाड बघायला! बघून करणार काय? दोन दिवस मी बाबांच्या उशाशी बसून तिला मनात शिव्या घातल्या. नोव्हेंबरचे दिवस होते, भाताची कापणी चालू होती, शेजारीपाजारी सगळे खाचरात. घरात फक्त बाबांच्या श्वासाची घरघर.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या रस्त्यावरून आरोळी आली. "मिस्त्रीऽऽ! ओ मिस्त्रीऽऽ!" मी दारात आलो. मावशी चढावरून चक्क पळत येत होती. एक चप्पल पायात, एक हातात. खाचरातल्या बायका विळे हातात घेऊन उभ्या राहून बघायला लागल्या.

"कुंपन सरकलंय!" ती दारातच ओरडली. "मिस्त्री, कुंपन सरकलंय!"

बाबांनी डोळे उघडले.

"जागा पुरंना म्हनून मागल्या फादरांनी कबरस्तान वाढवलं. बाजूच्या मानसानं जमीन दिली. निवडुंग काढला आनि पार लांब दगडी भित घातली. तुमचा हिवर आत आलाय!"

"हिवर?" बाबा कोपरावर उठायला बघत होते. "कुठला हिवर? हिवर लई हायेत तितं."

"दोन बुंध्याचा. यक बुंधा कुऱ्हाडीनं तासलेला."

"म्या तासला हुता," बाबा पुटपुटले. "वळखायची खून म्हनून." आणि मग त्यांच्यातला सुतार जागा झाला. "भित किती लांब हाय झाडापास्नं?"

"सतरा पावलं. म्या मोजली."

"कुठल्या अंगाला?"

"उगवतीला. मावळतीला तर कबरीच कबरी, चर्चपातूर."

"तुमची पावलं का माझी?"

"माझी! तुमची धरली तर तेरा भरतील. पर आत, मिस्त्री, आत!" ती खाटेच्या कडेला बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. "आनि आयका. दर वर्साला मृतांच्या दिशी फादर सगळ्या कबरींवर पवित्र पानी शिंपडत जात्यात. हिवराखालनं बी जात्यात. तिथल्या म्हातारीनं सांगितलं, झाडाखाली कुनाचं तरी लेकरू हाय म्हनून लोक तितं मेनबत्ती लावत्यात. म्या बाप्तिस्मा झाला म्हनत न्हाई. म्या खोटं न्हाई बोलनार. पर तुमी हितं रुसून बसला, आनि तितं तुमच्या पोरावर इतकी वर्सं पानी पडतंय!"

बाबा रडायला लागले. मी माझ्या आयुष्यात त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. मग डोळे पुसून म्हणाले, "फादरला बोलवा."

मग काय विचारता! पुण्याहून एक तरुण फादर फोनवर लगेच निघतो म्हणाले, आणि तासाभराने त्यांचाच फोन, हायवेला शिवऱ्याजवळ कंटेनर आडवा झालाय, गाडी जागची हलत नाही. मी मोटारसायकलला किक मारली. साखर, मार्गासनी, चेलाडी, कुठे खड्डा आणि कुठे रस्ता, मला काही दिसत नव्हतं. शिवऱ्याला सर्व्हिस रोडने पांढरा झगा घातलेले फादर झपाझप चालत येताना दिसले. त्यांना मागे बसवलं आणि सुसाट निघालो. रस्ताभर मी बोलत होतो, बाबांचं सगळं सांगत होतो, आडव्या येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याचा उद्धार करत होतो. फादर एक अक्षर बोलले नाहीत. एक हात माझ्या खांद्यावर, एक स्वतःच्या छातीवर. मला राग आला. म्हटलं, हा माणूस मुका आहे की गर्विष्ठ?

घरापुढे उतरलो तर मावशी त्यांना बघताच अंगणातल्या मातीत गुडघ्यांवर आली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फादरांच्या छातीशी एका छोट्या डबीत ख्रिस्तशरीर होतं. ते बरोबर असताना फादर गप्पा मारत नसतात. म्हणजे प्रभूला मागे बसवून मी शिवऱ्यापासून गुंजवण्यापर्यंत आयामाया काढत आलो होतो! मी कपाळाला हात लावला. मावशी म्हणाली, "असू दे. पोचवलंस न्हवं?"

बाबांचं पापनिवेदन सुरू झालं तसे आम्ही बाहेर थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. मावशी अंगणात येरझाऱ्या घालत होती, आनंदाने तिचे पाय ठरत नव्हते. "यवढ्या वर्सांचं हाय, टाईम लागनारच," असं मलाच समजावत होती. अखेर फादरांनी आत बोलावलं. बाबांच्या कपाळाला तेल लागलं होतं. बाबांनी कम्युनियन घेतलं आणि डोळे मिटून पडून राहिले. मग म्हणाले, "फादर, त्याला नाव न्हाई. बाप्तिस्म्यालाच ठेवायचं हुतं. म्या त्याला हाक कशी मारू?"

"काय ठेवणार होता?" फादरांनी विचारलं.

बाबांचे ओठ नुसतेच हलले. मावशी वाकली. "मोठ्यानं, मिस्त्री. त्याला आयकू जाऊ द्या."

"योसेफ," बाबा म्हणाले. आणि पुन्हा, खणखणीत, "योसेफ!"

आम्ही चौघांनी त्या नावाने प्रार्थना केली. बाबा त्यानंतर सहा दिवस जगले. पेज मागून खाल्ली, शेजाऱ्यांशी थट्टा केली, मला एका चौकटीच्या जोडावरून झापलं. एका दुपारी योसेफला हाक मारली आणि गेले. टेम्पोतून त्यांना गावी नेलं आणि हिवराखाली ठेवलं. भिंत मी स्वतःच्या पावलांनी मोजली. चौदा भरली.

त्यानंतर मी शटर ओढून पायरीवर बसणं सोडलं. रविवारी दुपारी मावशीला मोटारसायकलवर बसवायचं आणि ती म्हणेल त्या वाडीवर न्यायचं. आधी मी बाहेर उभा राहायचो. मग आत बसायला लागलो. मग पाय चेपायला शिकलो. कोणाच्या घरी गेल्यावर काय बोलायचं असं विचारलं, तर ती म्हणाली, "बोलायचं कशाला? त्यो निघालाय, तू बी निघनारच हायस. सोबत म्हनून बस." मोटारी भरताना मला आता गुणगुणायची सवय लागलीय. गिऱ्हाइकं म्हणतात, अंतोनशेठ बिघडले.

दोन वर्षांनी मावशीच्या पोटात गाठ निघाली. ती होस्टेलच्या छोट्या खोलीत पडून होती. फादर सकाळीच येऊन गेले होते. मी संध्याकाळी गेलो तर तिने माझं मनगट धरलं. हात थंडगार.

"अंतोन, भ्या वाटतंय रं."

वेल्ह्याच्या बाजारात स्वर्गात निघालेली हीच बाई!

"सगळ्यांना वाटंला लावलं," ती म्हणाली. "तवा वाटायचं, सोपं हाय. आता माझी पाळी आली तर सगळं काळं दिसतंय. दाल्ला असंल का रं तितं? कुनी असंल का?"

"आहे मावशी. तुझा माणूस आहे. बाबा आहेत, योसेफ आहे. तू ज्यांच्या उशाशी बसलीस ते सगळे आहेत. आणि प्रभू आहे."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, दुकानदार नाणं पारखून बघतो तसं. खोटं तिला कधी चालायचं नाही, मला माहीत होतं.

"तुला खरंच वाटतं?"

मी उत्तर द्यायच्या आधी क्षणभर स्वतःच्याच आत डोकावून बघितलं.

"वाटतं, मावशी," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.